नुमान पाशाचा कौल

सावा नदी जिथे दुनावच्या, म्हणजे डॅन्यूबच्या, अफाट पात्रात आपले पाणी ओतते, त्या संगमावरच्या उंच कड्यावर बेलग्रेडचा किल्ला उभा आहे. सन अठराशे चौदाच्या वसंतात, म्हणजे इकडे पुण्याच्या गादीवर दुसरे बाजीराव असताना, एका पहाटे त्या किल्ल्यावरचे धुके हळूहळू विरू लागले. आधी मशिदीचे मिनार दिसले, मग तटावरच्या तोफांची काळी तोंडे, आणि सर्वात शेवटी, अगदी पाण्याच्या काठाशी दबा धरून बसलेला तो आठ कोनांचा जुना बुरूज, ज्याला सर्ब लोक 'नेबोइशा' म्हणत. नेबोइशा म्हणजे भिऊ नकोस. नाव ज्याने ठेवले त्याचा हेतू चांगला असेल. पण त्या बुरुजात आता कैदी आणि ओलीस ठेवले जात, आणि त्याच्या दारातून आत गेलेला माणूस सहसा चालत बाहेर येत नसे.

नऊ वर्षे सर्बांनी सुलतानाच्या अंमलाविरुद्ध बंड चालवले होते. काही काळ हा किल्लाही त्यांच्याच हाती होता. पण मागच्या शरदात सुलतानाच्या फौजा तीन बाजूंनी मुलखात उतरल्या आणि बंड मोडले. गावेच्या गावे नद्या ओलांडून ऑस्ट्रियाच्या कैसरच्या हद्दीत परागंदा झाली. किल्ल्यासमोर पलीकडच्या तीरावर झेमून नावाचे गाव होते. त्याच्या माळावर, गवताच्या आणि फळ्यांच्या झोपड्यांत, हजारो सर्ब निर्वासित दिवस काढत होते. सकाळी उठले की त्यांना आपला मुलूख समोर दिसे. आपल्या शेतांवरून येणारा वारा अंगावर घ्यायचा आणि तिकडे पाऊल टाकायचे नाही, अशी त्यांची दशा होती.

त्या पहाटे किल्ल्यातील सदरेवर नुमान पाशाची मसलत बसली होती. पाशा पन्नाशीचा, कमावलेल्या अंगाचा, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळे आलेला. इस्तंबूलहून दरबारची फर्माने लागोपाठ येत होती: मुलूख जिंकलास, तर मग वसूल कुठे आहे? आणि वसुलाला विलंब लावणाऱ्या सुभेदारांचे पुढे काय होते, हे पाशाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

"पेरणीचा हंगाम निघून चालला," पाशा म्हणाला, "आणि नांगराला हात लावायला माणूस नाही. माझ्या मोहरेचे कौलनामे काठाकाठाने लावले. दवंड्या पिटवल्या. जो परत येईल त्याला अभय आहे म्हणून सांगितले. कोणी येत नाही."

रजब एफेंदी हा पाशाचा कारभारी. बोस्नियात वाढल्यामुळे त्याला सर्बांची भाषा त्यांच्याइतकीच येत होती. तो अदबीने पुढे झाला. "हुजूर, आपल्या मोहरेवर त्यांचा भरवसा नाही. त्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे. व्हिएन्नात त्यांच्या भाषेत वर्तमानपत्र निघते, दुनावस्के नोविने. दर रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या अंगणात एकजण ते मोठ्याने वाचतो आणि बाकीचे टोप्या हातात घेऊन ऐकतात. त्यात छापून येईल ते त्यांना खरे."

"मागे एकदा त्यात आपण कौलाची बातमी पेरली होती."

"पेरली होती, हुजूर. एका व्यापाऱ्याच्या हातून. चाळीसेक कुटुंबे तीवर विसंबून नदी उतरली." रजबने आवाज खाली आणला. "आणि घाटावरच हुजूरांच्या शिबंदीने पुरुषांच्या गर्दना मारल्या. तेव्हापासून पलीकडे कुजबूज आहे. आता नुसत्या बातमीने भागणार नाही. कौल खरा द्यावा, ही माझी पायाशी विनंती आहे. एकदा खरा द्यावा, पुढचे सगळे आपोआप होईल."

पाशाने मान हलवली. "ज्या हातांनी बंदुका धरल्या ते हात नांगर धरतील, आणि पीक घरात आले की पुन्हा बंदुका धरतील. मला बायका, म्हातारे आणि पोरे हवीत. तरणे पुरुष नकोत. तू तजवीज सांग."

रजबने खाली पाहिले. अनेक वर्षांच्या चाकरीत त्याने एक गोष्ट शिकून घेतली होती: सल्ला एकदाच द्यावा. "मग कनेझ ओब्राद," तो म्हणाला.

कनेझ म्हणजे दहा-बारा गावांचा मुखत्यार, आपल्याकडच्या देशमुखासारखा. ओब्राद स्तानोयेविच हा कोलुबारा नदीच्या खोऱ्यातला कनेझ. खोटे बोलताना त्याला कोणी ऐकले नव्हते, आणि त्याच्या या खरेपणामुळे त्याचे शेजारी कधीकधी अडचणीतही आले होते. तो आता नेबोइशात ओलीस होता, इतर गावांच्या वडीलधाऱ्यांसोबत. त्याने पाशाचा कौल खरा असल्याचे सांगितले, तर सगळा माळ उठून नदी उतरणार होता.

*

दुनावस्के नोविने काढणारा अर्सेनिये रादोइच व्हिएन्नात एका गल्लीतल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहत असे. चाळिशीचा, किडकिडीत, बोलताना सतत चष्मा पुसणारा माणूस. परमुलखात बसून आपल्या भाषेत वर्तमानपत्र चालवायचे, आणि तेही कैसरच्या सरकारी तपासनिसाच्या मर्जीने; प्रत्येक ओळ आधी त्या तपासनिसाने वाचून मंजुरीची सही करायची, मग ती छापायची. असे असूनही अर्सेनियेला आपल्या कामाचा अभिमान होता. पण गेले काही आठवडे त्याला जेवण गोड लागत नव्हते. कौलाची ती पहिली बातमी त्याने स्वतःच्या हाताने लिहून छापली होती. ती ऐकून जे परत गेले, त्यांच्यातल्या एकाचाही निरोप आला नव्हता.

तपासनीस फॉन रिट्सल सकाळीच आला. कागद टेबलावर ठेवून तो म्हणाला, "कनेझ ओब्रादच्या सहीची बातमी आहे, रादोइच. पाशाने पूर्ण अभय दिले आहे. मी मंजुरी दिलेली आहे. येत्या अंकात पहिल्या पानावर."

अर्सेनियेने मजकूर वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "मला कनेझला भेटायचे आहे."

"कशाला?"

"सही कोणाकडूनही करून घेता येते. त्याच्या तोंडून ऐकेन, मग छापीन."

"आणि मी छापाच म्हटले तर?"

"तर आपण दुसरा माणूस शोधावा. पण आमचे लोक माझ्या नावाने वाचतात. दुसऱ्याच्या नावाने ते नदी उतरणार नाहीत."

फॉन रिट्सलने विचार केला. निर्वासितांचा भार व्हिएन्नाच्या दरबाराला जड झाला होता. ते आपण होऊन परत गेले तर सगळ्यांनाच हवे होते. आणि कनेझ सर्वांसमक्ष बोलला, तर त्याहून उत्तम काय? "जा झेमूनला," तो म्हणाला. "तशी व्यवस्था करतो. पण परत आल्यावर सबबी चालणार नाहीत."

*

इकडे नेबोइशात रजब एफेंदीने कनेझ ओब्रादला पाशाचा हुकूम सांगितला. कागदावर त्याच्या नावाची केलेली खोटी सही पुरी पडली नव्हती; आता त्याने स्वतः पलीकडच्या तीरावर जायचे, कौल खरा आहे असे सर्वांसमक्ष सांगायचे आणि परत यायचे. उलट बोललास, किंवा परत आला नाहीस, तर बुरुजात जे आहेत त्यांच्यातला एकही वाचणार नाही.

रजब गेल्यावर ओब्राद सोबत्यांजवळ भिंतीला टेकून बसला. बुरुजाच्या तळाशी नदीचे पाणी झिरपत असे. बसायला कोरडी जागा एकच होती आणि ती त्यांनी वुकोमान नावाच्या सर्वांत वृद्ध माणसाला दिली होती.

"मी काय करू?" ओब्रादने विचारले. "माझ्या एकट्याच्या जिवाचा प्रश्न असता तर विचारलंच नसतं."

 एकजण रडू लागला. त्याची लेकरे पलीकडच्या माळावर होती. शेवटी वुकोमान म्हणाला, "ओब्राद, तू खोटं बोललास तर आम्ही जगू म्हणतोस? पाशा आपल्याला ओलीस म्हणून ठेवतोय ते माणसं पलीकडे आहेत म्हणून. ती परत आली की आपला उपयोग संपला."

"उपयोग संपला तर सोडतीलही," रडणारा म्हणाला.

"सोडतील," वुकोमान म्हणाला, "आणि मग घरी जाऊन तू कोणाच्या तोंडाकडे बघशील?"

त्यावर त्या माणसाने डोळे पुसले. "मला मरायचं नाही," तो म्हणाला. "हे कनेझला ठाऊक असू दे. पण माझ्या पोरांना इकडे बोलावू नकोस."

ओब्रादने त्याचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

*

तुर्की हद्दीतून येणाऱ्याला प्लेगच्या भीतीने झेमूनमध्ये थेट प्रवेश नसे. नदीकाठी साथीचे नाके होते. तिथे समोरासमोर दोन लाकडी कुंपणे, मध्ये दहा हातांची मोकळी जागा आणि त्या जागेत कैसरचे बंदूकधारी पहारेकरी. या बाजूच्या माणसाने त्या बाजूच्या माणसाशी ओरडून बोलायचे. हातात हात द्यायचा नाही, वस्तू द्यायची नाही.

रविवारची प्रार्थना आटोपून सगळा माळ त्या कुंपणापाशी लोटला होता. अर्सेनिये गर्दीतून वाट काढत असता एका बाईने त्याची बाही धरली. तिशीची असेल, डोक्याला काळा रुमाल, कडेवर तान्हे मूल.

"तुम्हीच का ते छापणारे?"

"होय बाई."

"मी स्तामेना. वाल्येवोची. मी बाळंतीण होते तेव्हा तुमच्या कागदात आलं की पाशानं अभय दिलंय. माझे धनी म्हणाले, मी पुढं जाऊन पेरणी करतो, मग तुला न्यायला येतो. माकसिम नाव त्यांचं. गाड्यांची चाकं करतात." तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. "तुम्ही छापण्याआधी कोणाला विचारलं होतं?"

अर्सेनियेने कोणालाच विचारले नव्हते. एका व्यापाऱ्याचे पत्र, एवढाच त्याचा पुरावा होता, आणि बातमी आपल्याकडेच आधी आली याचा त्याला त्या वेळी आनंद झाला होता.

"आज विचारायला आलोय," तो कसाबसा म्हणाला.

"आज," ती म्हणाली आणि तिने बाही सोडली.

तेवढ्यात किल्ल्याकडून नाव लागली. आधी रजब एफेंदी उतरला, हिरव्या रेशमी अंगरख्यात, मागे दोन शिपाई. मग कनेझ ओब्राद. त्याला नवे कपडे घालून, दाढी विंचरून आणले होते. पण महिनोन्महिने अंधारात राहिलेल्या माणसासारखे त्याचे डोळे उजेडात मिटत होते. गर्दीतून "कनेझ! कनेझ ओब्राद!" असा पुकारा झाला. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

झेमूनचा ऑस्ट्रियन ठाणेदार मधल्या जागेत उभा होता. रजबने त्याला लवून सलाम केला आणि मग सर्बांच्याच भाषेत, सर्वांना ऐकू जाईल अशा घुमणाऱ्या आवाजात म्हणाला, "खुदावंत सुलतानांचे वजीर, बेलग्रेडचे सुभेदार नुमान पाशा यांनी आपल्या रयतेला सलाम सांगितला आहे. मागचे मागे गेले. घरे उभी आहेत, जमिनी वाट पाहत आहेत. हे मी सांगितले तर आपण कदाचित मानणार नाही. म्हणून ज्यांचा शब्द आपण मानता, ते कनेझ ओब्राद आपल्यासमोर उभे आहेत."

ओब्राद कुंपणाशी आला. त्याने दोन्ही हात लाकडावर ठेवले आणि विचारले, "व्हिएन्नाचे नोविनेवाले कोण?"

"मी. अर्सेनिये रादोइच."

"मी बोलेन ते जसंच्या तसं छापाल?"

गर्दीच्या कडेला ठाणेदाराचा दुभाषी टिपणे घेत उभा होता. इथला शब्द न् शब्द व्हिएन्नाला जाणार होता. अर्सेनियेने त्या दुभाष्याकडे पाहिले. "छापीन," तो म्हणाला.

"मग ऐका." ओब्रादचा आवाज चढला नाही, पण पसरला. "कौल खोटा आहे. मागच्या वेळी जे गेले त्यांना घाटावरच मारलं. बुरुजाच्या झरोक्यातून मी पाहिलं. रुद्निकचा जिवान. उबचे तिघे भाऊ. धाकट्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. तामनाव्याचा दिमित्रिये आणि त्याचा सासरा. वाल्येवोचा माकसिम, चाकं करणारा. बायकांना दक्षिणेच्या बाजारात नेलं..."

कुठेतरी मागे एक किंकाळी उठली आणि एकदम तुटली. ती स्तामेनाची नव्हती. ती ताठ उभी होती आणि मुलाला एवढे घट्ट धरून होती की ते रडू लागले.

दोन्ही तुर्की शिपायांनी तलवारीच्या मुठींवर हात टाकले. ठाणेदार गरजला, "हा कैसरचा मुलूख आहे! इथे पाते बाहेर निघाले तर गोळी घालीन!" शिपायांनी रजबकडे पाहिले. रजबला त्यांना खूण करता आली असती. कनेझला ओढून नावेत टाकायला कितीसा वेळ लागणार होता? पण तो हलला नाही.  ओब्रादने उरलेली नावे एकेक करून सांगितली, आणि सगळी सांगून होईपर्यंत त्याला कोणी अडवले नाही.

"येऊ नका," शेवटी तो म्हणाला. "एवढंच सांगायचं होतं."

अर्सेनियेने कुंपणाला अंग भिडवून हाक मारली, "कनेझ! तुम्ही या तीरावर उभे आहात. आसरा मागा! ठाणेदारसाहेब, हा माणूस आसरा मागतो आहे!"

ठाणेदार ओब्रादकडे वळला. त्यालाही वाटत होते की या माणसाने होय म्हणावे. "मागता का?" त्याने विचारले. "माझ्या ताब्यात आलात तर मी परत देणार नाही."

ओब्रादने माळाकडे पाहिले, धूर निघणाऱ्या झोपड्यांकडे, पोरांकडे.  "नको," तो म्हणाला. "माझे सोबती बुरुजात आहेत. मी गेलो नाही तर ते म्हणतील, ओब्राद स्वतः वाचला आणि आम्हाला मरायला ठेवून गेला. मरताना माणसाला असं वाटू नये."

तो वळला आणि आपल्या पायांनी नावेत जाऊन बसला.

नाव मधल्या धारेला लागली तेव्हा रजब हळूच म्हणाला, "कनेझ, आज तुम्ही मलाही मारलेत."

"मी नाही, एफेंदी," ओब्राद म्हणाला. "आपण चांगला सल्ला दिला होतात, असं पहारेकऱ्यांकडून ऐकलं. ज्याने तो ऐकला नाही त्याने मारलं."



*

दुभाष्याचे टिपण अर्सेनियेच्या आधीच व्हिएन्नाला पोचले होते. फॉन रिट्सल शांतपणे म्हणाला, "कुंपणापाशी काय झाले ते कुंपणापाशी राहील. नुमान पाशा मित्रदरबाराचा सुभेदार आहे. कौलाची बातमी आता छापू नका. दुसरीही छापू नका. शेतीवर काहीतरी लिहा."

"झेमूनच्या लोकांनी ऐकले," अर्सेनिये म्हणाला. "पण कैसरच्या मुलखात आणखी आत, स्रेम आणि बानात प्रांतांच्या गावांत, जे आहेत त्यांनी ऐकलेले नाही. त्यांच्या हाती माझी जुनी बातमी आहे."

"मी सांगायचे ते सांगितले."

सणाचा दिवस होता. शहरातल्या सगळ्या घंटा वाजत होत्या. अर्सेनियेने अक्षरे जुळवणाऱ्या आपल्या कामगारांना सुटी दिली. ते निघेनात, तेव्हा तो रागावला. "तुमचा हात लागला तर तुरुंग तुम्हालाही. घरी जा." मग त्याने कोट काढला आणि शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून स्वतःच मजकूर जुळवू लागला. त्याला सवय नव्हती. अक्षरे उलटी लागत, पुन्हा काढावी लागत. कनेझचे शब्द त्याने जसेच्या तसे घेतले. मग सगळी नावे. आणि शेवटी स्वतःच्या नावाने एवढेच लिहिले, की कौलाची मागील बातमी या पत्राने शहानिशा न करता छापली, ती खोटी होती, आणि वर ज्यांची नावे आहेत ते तिच्यावर विश्वास ठेवून गेले.

मंजुरीची सही नसलेला तो अंक दुसऱ्या दिवशीच्या टपालगाडीने स्रेमकडे गेला. तिसऱ्या दिवशी छापखान्याच्या दाराला सरकारी कुलूप लागले.

दुनावस्के नोविने त्यानंतर निघाले नाही. अर्सेनियेने वर्षभर कैद भोगली आणि मग त्याला व्हिएन्नातून कायमचे हद्दपार केले गेले. पण आतल्या गावांतून जी कुटुंबे सामान बांधून निघाली होती, ती अंक वाचून वाटेवरूनच माघारी फिरली. जर्मन पत्रांनी तो मजकूर उचलला आणि त्याची चर्चा इस्तंबूलपर्यंत गेली.

कनेझ ओब्रादला, नाव परत काठाला लागल्यावर, त्याच दिवशी किल्ल्याच्या वेशीपाशी ठार केले होते. त्याच्यामागून वुकोमानला आणि आणखी सहाजणांना. उरलेल्यांचीही तीच गत व्हायची. पण इस्तंबूलमधले परराष्ट्रांचे वकील बुरुजातल्या ओलिसांविषयी विचारू लागले, दरबारातून पाशाकडे खुलासा मागितला गेला, आणि हिवाळ्याआधी त्या जिवंत राहिलेल्यांना सोडून द्यावे लागले. मला मरायचे नाही म्हणणारा त्यांत होता. तो नदी उतरून आपल्या लेकरांपाशी आला. पुढे कोणी नेबोइशाविषयी विचारले की तो उठून बाहेर जाई. रजब एफेंदीचे कारभारीपद गेले. त्याला अनातोलियात कुठेतरी पाठवले असे म्हणतात, पण खात्रीने कोणालाच कळले नाही.

पुढे मुलखात पुन्हा बंड उठले आणि वर्षा-दोन वर्षांनी लोक खरोखरच परत गेले, पण आपल्या पायांनी, आपल्या वेळेला. स्तामेना गेली नाही. वाल्येवोला तिचे आता कोणी नव्हते. ती झेमूनच्या माळावरच राहिली आणि लोकांचे कपडे धुऊन तिने मुलाला वाढवले.

कैदेतून सुटल्यावर अर्सेनियेही झेमूनलाच आला आणि चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना लिहायला-वाचायला शिकवू लागला. मुलगा शिकण्याच्या वयाचा झाला तेव्हा स्तामेनाने त्याला तिथेच पाठवले. रोज सकाळी ती त्याला दारापर्यंत आणून सोडी आणि दुपारी न्यायला येई. शिकवणारा दारात उभा असे. तो मान लववी. ती मुलाचा हात धरी आणि वळे. ती त्याच्याशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही, आणि त्यानेही तिच्याकडे कधी क्षमा मागितली नाही.